आधी डिपर कोणी द्यायचा?

परळीत रात्री समोरून येणारी गाडी कुठली, हे कधीच कळत नाही. ती कोणत्या थराच्या माणसाची आहे, हे मात्र फर्लांगावरून कळतं. दोन दिवे असतील तर गाडी नोकरदाराची, हप्ते चालू. चार असतील तर गुत्तेदाराची. सहा असतील तर गुत्तेदाराच्या मेहुण्याची. आणि गार्डावर दोन गोल, बंपरखाली दोन चौकोनी, टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एलईडीची आडवी पट्टी, असा सगळा सरंजाम एकदम डोळ्यांत घुसला की समजावं, आत कोणीतरी भावी बसलंय. भावी सरपंच, भावी सभापती, निदान भावी चेअरमनचा ड्रायव्हर. गाडीचा नंबर ४१४१. आकड्यांना जरा वळण दिलं की तो 'दादा' वाचता येतो. पण तो वाचायला आधी डोळे उघडे राहावे लागतात.

एकच दिवा येताना दिसला तर मात्र गाडी सरळ साइडपट्टीच्या खाली घ्यावी. मोटारसायकल असेल म्हणून उजवीकडे थोडी ढिलाई दाखवली, आणि तो निघाला उसाचा ट्रॅक्टर, एक डोळा गेलेला, तर जो दिवा चालू आहे तो नेहमी पलीकडचा असतो. आपल्या बाजूला असतं ते न दिसणारं मोठं चाक. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर हातभर आलेलं वाढं, आणि आवाज फोडून लावलेलं गाणं. दर हंगामात मागे रिफ्लेक्टर चिकटवायची मोहीम निघते, फोटोही निघतात. पुढच्याच खेपेला रिफ्लेक्टरवर ऊस लटकलेला असतो. तेव्हा ट्रॉली डोळ्यांनी ओळखायची नाही, गाण्याने ओळखायची.

आता दिव्यांच्या बाबतीत परळीकराला कोणी शिकवू नये. आमच्या औष्णिक विद्युत केंद्राचा, म्हणजे आमच्या भाषेत थर्मलचा, पहिला संच १९७१ साली सुरू झाला, तीस मेगावॅटचा. अप्पर आणि डिप्पर एकाच काचेत बसवणारा एच-फोर हॅलोजन बल्बही १९७१ सालचाच. योगायोग म्हणून सोडून द्या. पुढे दोनशेदहा मेगावॅटचे संच आले, मग अडीचशेचे आले. अडीचशे मेगावॅट म्हणजे किती, हे मी वर्गात पोरांना हिशेब करून सांगायचो : पंचावन्न वॅटचे हॅलोजन पेटवत सुटलो तर पंचेचाळीस लाख दिवे. मागच्या बाकावरून एकाने विचारलं होतं, "सर, मंजी किती गाड्या?" तो पोरगा पुढे गुत्तेदार झाला.

ही वीज तारेवर चढून मुंबई-पुण्याकडे जायची आणि भारनियमनाच्या काळात परळीकर ओट्यावर बसून थर्मलच्या चिमणीवरचे लाल दिवे मोजायचा. २०१३च्या दुष्काळात तर खडका धरणात पाणीच उरलं नाही, तेव्हा थर्मलच बंद ठेवावं लागलं. चिमण्या नुसत्या उभ्या. ज्या गावाने इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरात उजेड पाडला, त्याला स्वतःच्या गाडीवर चार दिवे जास्तीचे लावावेसे वाटले तर मी त्याला समजून घेतो. समजून घ्यायला काही जात नाही. जे जातं ते दिसायचं जातं.

आमच्या वैद्यनाथाची एक कथा आहे. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि सोबत धन्वंतरी, असे दोघेही या लिंगात लपवून ठेवले होते. दानव हात घालायला आले तेव्हा लिंगातून ज्वाळा निघाल्या. भक्तांनी हात लावला तेव्हा अमृत पाझरलं. म्हणून इथे कोणीही पिंडीला हात लावून दर्शन घेतो. समोर कोण आहे हे बघून प्रकाश सोडायचा, ही सोय आमच्या ग्रामदैवतात पहिल्यापासून आहे. गावातल्या गाड्यांत ती उतरली नाही. समोर दानव असो की अंबाजोगाईच्या दवाखान्यातून परतणारं म्हातारं जोडपं, ज्वाळा सारख्याच.

माझ्या पुतण्याने जुनी बोलेरो घेतली. घेतल्या घेतल्या म्हणाला, "काका, लाईटं टाकायचेत."

"आहेत की गाडीला."

"ते कंपनीचे."

कंपनीने गाडीला जे जे दिलेलं असतं ते आमच्याकडे कच्चा माल समजतात. टायर बदलायचे, हॉर्न बदलायचा, सीटला कव्हर, कव्हरला कव्हर, काचेवर आडनाव. दिव्यांना तर कंपनीचे म्हणणं म्हणजे सरकारी म्हणण्यासारखंच : आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी राहत नाही. पुतण्याला मी बरोबर हवा होतो, कारण मी फिजिक्स शिकवायचो आणि मिस्त्री माझा विद्यार्थी. सर सोबत असले की पैसे कमी घेतो, असा त्याचा अंदाज. (घेत नाही. नववीत मी त्याला ओहमचा नियम फळ्यापाशी उभा करून विचारला होता. त्याचं व्याज तो आजही वसूल करतो.)

ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान हे दुकान नसतंच. एक पत्रा, चार खांब, आणि खांबांच्या मधे दिवसभर कोणाचं तरी बोनेट उघडं. मिस्त्रीच्या गळ्यात एक इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना लोंबतो. तोच त्याचा मीटर, तोच त्याचा साक्षीदार. एक टोक बॉडीला टेकवायचं, दुसरं संशयित वायरीला. पेटला तर करंट आहे. काळ्या टेपच्या गुंडाळ्या एका जुन्या गिअरच्या दांड्यात ओवलेल्या. वायर सोलायला पक्कड आहे, पण ती गिऱ्हाइकाला दाखवायला. वायर तो दातानेच सोलतो, आणि बारीक तांब्याच्या तारा जिभेने चाचपून सांगतो, वायर अस्सल आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. कोपऱ्यात मेलेल्या बॅटऱ्यांची रांग. सगळ्यात जुन्या बॅटरीच्या प्लसवर रोज सकाळी उदबत्ती खोचतात. मायनसवर का नाही, हे मी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "सर, मायनस बॉडीला असतो. देवाला बॉडी कुठंय?" या पोराला मी नववीत उगीच उभं केलं, असं तेव्हा वाटून गेलं.

दिव्यांचे डबे काढून त्याने बोनेटवर मांडले. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या जास्तीच्या दिव्यांचं नाव हॅलोजन. एलईडी असला तरी हॅलोजनच. खरं तर त्यात दोन जाती आहेत. फॉगलाईट बसका, पसरट; बंपरच्या खाली लावायचा, त्याने रस्त्याच्या कडा आणि पायाजवळचे दहा-वीस मीटर दाखवायचे. ड्रायव्हिंग लाईट नेमका उलटा : उजेडाची अरुंद, लांब धार, अप्परच्याही पुढे जाणारी, मोकळ्या काळ्या रस्त्यासाठी. हे दिवे मोठे झाले ते रॅलीच्या गाड्यांवर. स्वीडनमध्ये घरगुती गाड्यांनाही ते सर्रास लावतात, कारण तिथे रात्री रस्त्यात घोड्याएवढं हरीण उभं असतं. ऑस्ट्रेलियात कांगारू. आमच्याकडे रोही आहे, रानडुक्कर आहे, आणि कोणत्याही देशाला ऐकणार नाही अशी म्हैस आहे, जिचा रंग डांबराचा आणि जिला मागचा दिवा नाही. तेव्हा दिवे लावायला कारण नाही असं मी म्हणणार नाही. धारूरच्या घाटात किंवा गंगाखेड रोडला मध्यरात्री एकटं जावं लागलं की अप्परसुद्धा तोकडा पडतो. पण त्या दोन्ही देशांत या दिव्यांना एक अट आहे : अप्पर असेपर्यंत पेटायचं, डिप्पर झालं की गप विझायचं. ही अट गाडीत एका वायरीच्या रूपाने बसवलेली असते. परळीतलं सगळं महाभारत त्या एका वायरीवरून घडतं.

मिस्त्रीने विचारलं, "सर, डायरेक्ट देऊ का रिलेवर?"

इथे रिले म्हणजे काय ते सांगायला हवं, आणि बीड जिल्ह्यात ते सांगणं फार सोपं आहे. पंचावन्न वॅटचे दोन दिवे मिळून नऊएक अँपिअर करंट ओढतात. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या बटनातून नेला तर बटन तापतं, मग विरघळतं, मग त्याचा वास येतो. म्हणून मधे रिले घालायचा. रिले म्हणजे आगपेटीएवढी काळी डबी, खाली चार पाय. पायांवर आकडे ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मनांनी ठरवले आणि जगभर तेच चालतात. ८५ आणि ८६ च्या मधे आत बारीक तारेची गुंडाळी आहे. तिला पाव अँपिअरही लागत नाही. तेवढा करंट मिळाला की गुंडाळीचं लोहचुंबक होतं, वरची पत्ती टिक करून खाली ओढली जाते, आणि ३० ची ८७ शी गाठ पडते. ३० ला बॅटरी, ८७ ला दिवे. म्हणजे साहेबांनी फक्त मान हलवायची. पुढचा सगळा दणका कार्यकर्ते देतात. साहेबांच्या अंगावर काही येत नाही, त्यांचा कुर्ता पांढराच राहतो. तो जो टिक आवाज येतो, तो 'हो साहेब'.

आता प्रश्न एवढाच, की मान कोणी हलवायची. ८६ ला अप्परची वायर जोडली तर साहेब म्हणजे हेडलाईटचा अप्पर. अप्पर पडला, कार्यकर्ते उठले. डिप्पर झाला, कार्यकर्ते बसले. शिस्त. डायरेक्ट म्हणजे साहेबाला मधून काढून कार्यकर्त्याला थेट बॅटरीवर बसवायचं. मग तो कोणाचंच ऐकत नाही. हेडलाईट डिप्पर झाले, बंद झाले, ड्रायव्हर चहाला उतरला, तरी हा पेटलेलाच.

मी म्हणालो, "रिलेवर दे. आणि रिलेची वायर अप्परवरून घे."

मिस्त्रीच्या हातातली पक्कड थांबली. "मंजी डिपर टाकला की लाईट बंद?"

"हो."

"मग लावायलेत कामून?"

पुतण्या जमिनीकडे बघायला लागला. पाहुण्यांसमोर घरातलं बाहेर काढल्यासारखा. मिस्त्रीने मला समजावून सांगितलं. त्याच्या आवाजात, ढ पोराला तिसऱ्यांदा समजावताना माझा जो आवाज लागायचा, तोच होता. "सर, रस्ता मोकळा आसल्यावर लाईट कशाला पायजे? तवा तर दिसायलंच की. समोरचा आला की आपल्याला दिसंना. लाईट तवाच पायजे."

तर्कात काही चूक काढता येईना. समोरचा आल्यावर आपल्याला दिसत नाही, कारण त्याने डायरेक्ट लावलेत. त्याने डायरेक्ट लावलेत, कारण समोरचा आल्यावर त्यालाही दिसत नाही. या न्यायाने परळी-अंबाजोगाई हे पंचवीसएक किलोमीटर माणसं एकमेकांना आंधळं करत पार पाडतात आणि पोचल्यावर दोघंही म्हणतात, "रोड लई खराब आहे."

डिपर देण्याचं आमच्याकडे एक शास्त्र आहे, आणि त्याला भौतिकशास्त्रापेक्षा सोयरीक जास्त जवळची. आधी डिपर कोणी द्यायचा? लहान गाडीने. दोन्ही सारख्या असतील तर जुन्या गाडीने. दोन्ही नव्या असतील तर ज्याच्या गाडीत बायको बसली आहे त्याने, कारण ती म्हणते, "जाऊ द्या ना." निवडणुकीच्या दिवसांत कोणीच नाही. दुसऱ्याने दिल्यावर आपण द्यायचा हा शिष्टाचार. पण दुसरा आपल्या देण्याची वाट बघत असतो. दोघंही वाट बघत शंभर मीटरवर येतात, पन्नासवर येतात, आणि मग दोघंही चिडून, आधीच अप्परवर असलेला दिवा पुन्हा अप्परवर मारतात. त्यातून कोणाला काय बोध व्हायचा! पुण्यात समोरच्याने दिवा मारला की आपण थांबावं की जावं, याचा निदान विचार करतात. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच : मी बघितलंय, आता तू बघ.

पूर्वी जीपला, ट्रकला, अँबॅसिडरला डिपरचं बटन खाली असायचं. क्लचच्या डावीकडे, लोखंडी, पायाने दाबायचं. मला वाटतं ती फार सुधारलेली व्यवस्था होती. हाताने दिलेला मान मोजून-मापून देतात. पायाने दिला की त्यात कमीपणा वाटत नाही. त्या काळचे ड्रायव्हर समोर दिवा दिसला की न बघता डावा पाय मारायचे. आमच्या ओळखीचे एक जीपवाले आता मुलाच्या नव्या गाडीत शेजारच्या सीटवर बसतात. समोरून गाडी आली की त्यांचा डावा पाय पायपुसण्यावर दोनदा आपटतो. मुलगा म्हणतो, मच्छर असतील. रात्रीच्या रस्त्यावर अजूनही न चुकता आधी डिपर देणारा माणूस म्हणजे एसटीचा ड्रायव्हर. मागे चाळीस-पन्नास माणसं बसलेली असली की माणसाला मोठेपणा सिद्ध करायची गरज उरत नसावी.

कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १०६ वा नियम म्हणतो, की पुढचा दिवा कायम असा खाली झुकलेला असावा की दिव्यापासून आठ मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्या माणसाचे डोळे दिपू नयेत. या माणसाला भेटायची माझी फार इच्छा आहे. इतक्या नेमक्या ठिकाणी तो १९८९ पासून उभा आहे, आणि आमच्या रस्त्यावर त्याची दृष्टी टिकली असेल असं वाटत नाही. १११ वा नियम त्याहून गोड आहे. गाडीच्या पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायचा नाही. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच लावायचा. परवानगीचं पुढे बघू, पण बीड जिल्ह्यात स्वतःला अपवादात्मक परिस्थिती न समजणारा गाडीमालक मला अजून भेटायचाय. १ मे २०१७ पासून साहेबलोकांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. त्याच वर्षाच्या शेवटी बंपरपुढचे लोखंडी गार्ड काढा, असंही केंद्राने राज्यांना कळवलं. लाल दिवा गेला तो खरोखर गेला. गार्ड तिथेच आहे, कारण गार्ड काढला तर हॅलोजन कशावर लावायचे?

दिवसा मात्र हे दिवे फार सज्जन दिसतात. त्यांच्यावर पिवळी प्लॅस्टिकची झाकणं असतात आणि झाकणावर हसरा चेहरा : दोन डोळे, एक कानापर्यंतचं हसू. तपासणीला उभ्या असलेल्या माणसाला हे दोन हसरे चेहरे नमस्कार करतात. झाकलेला दिवा हा दिवा आहे की शोभा, हे ठरवायला वेळ जातो आणि गाडी पुढे जाते. रात्री झाकणं डिक्कीत. आमच्या गल्लीत एक जण झाकणं काढायला विसरतो. त्याच्या गाडीवरचे ते पिवळे, मंद, हसणारे दोन गोळे समोरून येताना दिसले की माझ्या मनात त्याच्याविषयी अपार माया दाटून येते. तो स्वतः तक्रार करतो, की दिवे भिकार निघाले.

परळीचं खास असं एक आहे, ते राख. थर्मलची राख वीटभट्ट्यांना जाते, सिमेंटला जाते. हायवा टिपरमध्ये भरून, वर ताडपत्री टाकून जाते, आणि ताडपत्रीच्या फटीतून थोडी थोडी आमच्यासाठी ठेवत जाते. कोरड्या दिवसांत हायवा पुढून गेला की मागे अर्धा-एक मिनिट रस्त्यावर करड्या रंगाचा पडदा लोंबतो. महाबळेश्वरला धुकं असतं, लोक पैसे देऊन बघायला जातात. आमचं फुकट आहे आणि दाताखाली लागतं. या पडद्यावर लांब पल्ल्याचा दिवा मारला तर काय होतं? राखेचा प्रत्येक कण तो उजेड चारी बाजूंना फेकतो, त्यातला बराच आपल्याकडेच परत येतो, आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवे जितके जास्त, भिंत तितकी पक्की. अशा वेळी डिप्पर करून खालचे पसरट दिवे लावायचे असतात, म्हणजे उजेड पडद्याच्या खालून सरकतो. पण भिंत दिसली की आमचा माणूस अजून एक बटन दाबतो. स्वतःच्याच उजेडात स्वतःच आंधळा होऊन हॉर्न वाजवणारा माणूस मी इथेच पाहिला. तो समोरच्याला वाजवत होता. समोर कोणी नव्हतं.

मी मिस्त्रीला म्हणालो, नवे दिवे लावायच्या आधी जुन्यांचं काय झालंय ते तर बघ. त्याने गळ्यातला बल्ब न वापरता कपाटातून मीटर काढला. (म्हणजे मीटर होता!) बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, हेडलाईटच्या होल्डरवर अकराच्याही खाली. मधलं दीड व्होल्ट कुठे गेलं? बारीक वायरीत, हिरव्या पडलेल्या जोडांत आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. त्यावर आमचा उपाय म्हणजे शंभर-नव्वदचा बल्ब. तो आणखी करंट ओढतो, वायर आणखी तापते, व्होल्टेज आणखी पडतं, होल्डर वितळतो. मिस्त्रीने अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासला, रंग जाऊन पत्रा चमकेपर्यंत. हेडलाईटलाही एक रिले आणि जाड वायर दिली. मग मी बादलीतलं फडकं ओलं करून हेडलाईटच्या काचांवरून फिरवलं. फडकं राखेने करडं झालं. पुतण्याने दिवे लावले आणि समोरच्या पत्र्यावर लिहिलेली बॅटरीची जाहिरात, जी दोन वर्षं कोणाला वाचता येत नव्हती, ती दुकानाच्या आतून वाचता आली.

"बघ," मी म्हणालो. "आता कशाला पाहिजेत आणखी?"

"ते बी टाकू," पुतण्या म्हणाला.

टाकले. मी समोर स्टूल टाकून बसलो आणि सगळं माझ्यादेखत करून घेतलं. बॅटरीपासून वितभरावर पंधरा अँपिअरचा फ्यूज. तो बॅटरीजवळच हवा. दिव्याजवळ लावला तर मधली वायर घासून बॉडीला टेकली की फ्यूज शाबूत राहतो आणि गाडी पेटते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर, वर रेडिएटरच्या उष्णतेपासून दूर ठेवलेली नळी. जोडाला नुसता पीळ देऊन टेप नाही, लग दाबून. टेप उन्हाळ्यात डिंक होते आणि पावसाळ्यात सुटते. ८५ बॉडीला, ८६ अप्परला, ३० बॅटरीला, ८७ दिव्यांना. अप्पर मारला, टिक. दोन्ही दिवे पेटले. डिप्पर केला, टिक, विझले. पुतण्याने पाच-सहा वेळा करून बघितलं. शेजारच्या पंक्चरवाल्यानेही येऊन बघितलं, तो म्हणाला, "लाईट लाजायलेत."

मी घरी गेलो. गाडी संध्याकाळी आली. रात्री पुतण्याबरोबर अंबाजोगाईला निघालो. कन्हेरवाडी मागे टाकली, समोरून एक गाडी आली. पुतण्याने माझ्याकडे बघत, अगदी दाखवून, डिपर दिला. आमचे दिवे विझले. समोरच्याने काही दिला नाही. पुतण्याने दोन क्षण वाट पाहिली, मग त्याचा डावा हात स्टिअरिंगच्या खाली गेला. टिक. सगळा शिवार पांढरा झाला. समोरची गाडी रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरली आणि तिच्यातून कोणीतरी आमच्या घराण्याचा उद्धार केला.

"हे काय?"

"ते नुस्तं इमर्जन्सीला, काका."

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडे गेलो. तो कोणाच्या तरी बोनेटखाली होता, तिथूनच बोलला. "तुमी सांगितलेलं जोडलंय का नाही, सर?"

"जोडलंस."

"त्यानं सांगितलेलं बी जोडलं. गिऱ्हाईक दोन, गाडी एक. वायरिंग सेपरेट केलीय सर, एकात एक घातली न्हाई. दोनी रिले ब्रँडेड टाकलेत."

मग त्याने बोनेटखालून हात बाहेर काढून पाना ठेवला, बोटं पुसली आणि बिल दिलं. त्यावर दोन ओळी होत्या. 'सर रिले' आणि 'डायरेक्ट रिले'. दर दोन्हींचा सारखाच लावला होता, आणि खाली दोन्हींची बेरीज माझ्या नावावर होती.